होडीच्या मागे लावायचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन धडधडतं, थ्रॉटल दिला की दबतं. आधी काय तपासू?

कार्बोरेटर उघडायची घाई करू नका. दोन सिलिंडरचं असेल तर इंजिन बंद करून दोन्ही स्पार्क प्लग काढा नि शेजारी धरून बघा. एक कोरडा तपकिरी, दुसरा ओला काळा दिसला तर त्या दुसऱ्यात बहुधा ठिणगीच पडत नाहीये. प्लगांची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर सरकला तर नवा प्लग घाला, नाहीतर वायर नि कॉइल बघा, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. दोन्ही प्लग सारखेच असतील तर इंजिन चालू असताना इंधनाच्या नळीवरचा फुगा दाबत राहा. त्याने सुधारलं तर फ्युएल पंपाचा पडदा गेलाय किंवा नळी हवा ओढतेय. पावसाळाभर टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल मात्र सगळ्यात आधी काढा, कार्बोरेटरची बारीक छिद्रं, म्हणजे जेट, त्यानेच चोंदतात. आणि हे सगळं मोटर पाण्यात असतानाच. कोरडी चालवली तर इम्पेलर, म्हणजे इंजिन गार ठेवायला पाणी ओढणारं चक्र, जळेल.