वाचकांचे प्रश्न : टर्बो बदलण्याआधी

प्रश्न : माझी टर्बो डिझेल पिकअप आहे. कांदा भरून सोलापूरला निघालं की मांजरसुंब्याच्या घाटात गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते आणि रेस दिल्यावर शिट्टी वाजते. मेकॅनिक म्हणतो टर्बो गेला, नवा टाका. टाकू का?
– एक वाचक, गेवराई

उत्तर : लगेच नको. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. काळा धूर म्हणजे डिझेल मिळतंय, हवा कमी पडतेय. आधी एअर फिल्टर काढून बघा. आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांच्या फुफाट्यात तो मुदतीआधीच भरतो.

मग टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) रबरी होज बघा. चीर बहुतेक खालच्या बाजूला, क्लिपजवळ असते. गाडी उभी असताना ती मिटलेली राहते, लोडवर उघडते आणि शिट्टी घालते. बाहेरून तेलकट, धूळ चिकटलेला पट्टा दिसला तर तिथेच हात घाला.

दिसली नाही तर इंजिन बंद ठेवून टर्बोच्या हवा घेणाऱ्या तोंडावर टायरचा व्हॉल्व्ह बसवलेलं घट्ट झाकण लावा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरा. दाब 10 ते 15 पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप), त्यापुढे नको, नाहीतर चांगला होजही निसटेल. जोडांवर साबणाचं पाणी मारा, फुगे येतील तिथे गळती. ऑईल भरायच्या तोंडातून थोडी हवा आली तर घाबरू नका, व्हॉल्व्ह उघडा असलेल्या सिलिंडरमधून ती येतेच.

होज ठीक निघाले तरच टर्बोकडे वळा. इंजिन पूर्ण थंड असू द्या. टर्बोचा पंखा बोटाने फिरवा. अडकता कामा नये, पाती बोथट किंवा तुटकी नकोत. शाफ्ट आडवा किंचित हलतो, ते चालतं. बेअरिंगमध्ये ऑईलच्या थरापुरती जागा ठेवलेलीच असते. याच हालचालीवर कितीतरी चांगले टर्बो भंगारात जातात. पण पंखा घराला घासत असेल किंवा शाफ्ट मागेपुढे हाताला जाणवेल इतका सरकत असेल, तर टर्बो संपला. शेवटी वेस्टगेटची, म्हणजे जास्तीचा धूर टर्बोला टाळून सोडणाऱ्या झडपेची, दांडी बघा. झडप उघडी अडकली असेल तरी असाच दम तुटतो.

प्रश्न : ट्रॅक्टरचा टर्बो नवा टाकला. तरी निळा धूर आहे आणि होजमध्ये ऑईल साचतं. माल खराब मिळाला का?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : असेलही, पण आधी क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनच्या खालच्या पेटीतली वाफ बाहेर सोडणारी नळी) आणि टर्बोचा ऑईल परतीचा पाइप बघा. टर्बोतून ऑईल केवळ उताराने खाली जातं. पाइप वाकला, कार्बनने भरला किंवा पॅकिंगला लावलेलं सिलिकॉन आत ओघळलं, की ऑईल तुंबून सीलमधून बाहेर पडतं. ब्रीदर तुंबला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून ब्लो-बाय (सिलिंडरमधून खाली निसटणारा धूर) वाढला तरी तेच, मग कितीही टर्बो बदला. डिपस्टिकच्या तोंडातून धूर भकाभका येत असेल तर दुखणं इंजिनचं आहे.

पुन्हा बसवताना ऑईल आणि फिल्टर नवा घ्या, ऑईल येणारा बारीक पाइप शक्यतो बदलाच. टर्बोच्या ऑईल येणाऱ्या तोंडात स्वच्छ ऑईल ओता आणि डिझेल बंद ठेवून, प्रेशर येईपर्यंत सेल्फ थांबत थांबत मारा. हे टाळलं की बेअरिंग पहिल्याच मिनिटाला कोरडं घासतं.

तोवर एक सांभाळा : हवेबरोबर इंजिनात ऑईल जास्त गेलं तर इंजिन त्याच ऑईलवर सुसाट पळतं आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका, क्लच सोडा. इंजिनचं हवा घेणारं तोंड झाकायचं तर हाताने झाकू नका. जाड फळी वापरा.