वाचकांचे प्रश्न : रॅम १६ जीबी, तरी मेमरी संपते कशी?

३२ बिटच्या सर्व्हरवरून ६४ बिटवर जाताना येणाऱ्या अडचणींविषयी गोव्यातल्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमची तीन हॉटेलं आहेत. बुकिंग, बिलं आणि रेस्टॉरंटचा हिशेब एकाच वेब ॲप्लिकेशनवर चालतो. जावा ८, टॉमकॅट ९ (जावाची वेब ॲप्लिकेशनं चालवणारा प्रोग्राम) आणि विंडोज सर्व्हर आहे. डिसेंबरात गर्दी वाढली की 'आउट ऑफ मेमरी' येऊन सगळं ठप्प होतं. रॅम ४ वरून १६ जीबी केली, तरी फरक नाही. हीप (जावाला डेटासाठी दिलेली मेमरी) २ जीबी लिहिली तर सर्व्हिस सुरूच होत नाही. काय करावं? — हॉटेल व्यवस्थापक, कळंगुट

उत्तर : तुमच्या वर्णनावरून टॉमकॅट ज्या जावावर चालतं ती ३२ बिटची आहे. खात्री करून घ्या. कमांड विंडोत 'जावा -व्हर्जन' टाइप केल्यावर शेवटच्या ओळीत '६४-बिट सर्व्हर व्हीएम' दिसलं नाही, तर ती ३२ बिटची. पण एवढ्यावर थांबू नका. एकाच मशीनवर दोन जावा असू शकतात, आणि कमांड विंडोतली जावा व सर्व्हिसची जावा वेगळी निघते. टॉमकॅटच्या सेटिंग खिडकीत 'जावा' टॅबवर जेव्हीएमच्या (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या इंजिनाच्या) डीएलएलचा, म्हणजे विंडोजच्या कोड-फाइलचा, पूर्ण पत्ता असतो, तो प्रमाण माना.

३२ बिटच्या प्रोग्रामला ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे ४ जीबीपर्यंतचेच मेमरीचे पत्ते मोजता येतात. त्यातली निम्मी जागा विंडोज स्वतःकडे ठेवतं, उरतात २ जीबी. जावाला हीप सलग लागते, आणि त्या २ जीबीत मधेमधे डीएलएल येऊन बसलेल्या असतात. त्यामुळे हीप साधारण १.४ ते १.६ जीबीच्या पुढे जात नाही. २ जीबी मागितली की सलग जागा सापडत नाही आणि जेव्हीएम सुरू होण्याआधीच थांबतं. मशीनमध्ये ६४ जीबी रॅम घातली तरी हे आकडे हलणार नाहीत.

तुमचं जावा ॲप्लिकेशन नव्यानं कंपाइल करावं लागत नाही. वॉर फाइलमधला (ॲप्लिकेशनच्या गठ्ठ्यातला) बाइटकोड, म्हणजे जावाचा कंपाइल झालेला कोड, दोन्हीकडे तोच चालतो. बदलायच्या असतात त्या आजूबाजूच्या गोष्टी. जुन्या टॉमकॅटच्या फोल्डरला हात न लावता ६४ बिटची जावा ८ आणि ६४ बिटचं टॉमकॅट वेगळ्या फोल्डरमध्ये बसवा. फक्त जावा बदलून भागत नाही, कारण टॉमकॅटची सर्व्हिस चालवणारी छोटी फाइलही ३२ किंवा ६४ बिटची असते आणि ३२ बिटची फाइल ६४ बिटचं जेव्हीएम उचलू शकत नाही. जेव्हीएमच्या पत्त्यात 'क्लायंट' फोल्डर असेल तर तो बदलून 'सर्व्हर' करा. विंडोजवरच्या ६४ बिट जावामध्ये 'क्लायंट' फोल्डर नसतोच.

हॉटेलांत नेमकं अडतं ते खोलीच्या चावी-कार्डावर, बिलाच्या प्रिंटरवर किंवा पासपोर्ट स्कॅनरवर. या यंत्रांसोबत आलेली डीएलएल ॲप्लिकेशन थेट वापरत असेल आणि ती ३२ बिटची असेल, तर 'कान्ट लोड आयए ३२-बिट डीएलएल' अशी ओळ लॉगमध्ये येते. ही ओळ सर्व्हर सुरू होताना दिसत नाही. पहिला पाहुणा चेक-इनला उभा राहतो आणि कार्ड लिहायची वेळ येते, तेव्हा ती उमटते. म्हणून आधी टॉमकॅट, जावा आणि सिस्टम फोल्डर चाळून ॲप्लिकेशन वापरत असलेल्या डीएलएलची यादी करा आणि प्रत्येकीची ६४ बिट आवृत्ती यंत्राच्या विक्रेत्याकडे मागा. नाहीच मिळाली, तर तेवढं एक काम करणारा छोटा ३२ बिट प्रोग्राम रिसेप्शनच्या पीसीवर चालवा आणि मुख्य ॲप्लिकेशननं त्याला स्थानिक नेटवर्कवरून निरोप द्यावा. एका कार्ड यंत्रासाठी सगळा सर्व्हर ३२ बिटवर अडकवून ठेवणं परवडत नाही.

हीप १६ जीबीतली १२ जीबी देऊ नका. ४ जीबीपासून सुरुवात करा, किमान आणि कमाल आकडा सारखाच ठेवा. हीपबाहेरही जावाला जागा लागते. क्लासची माहिती वेगळ्या जागेत राहते. टॉमकॅट मुळात २०० थ्रेडपर्यंत (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपर्यंत) जातं, आणि ६४ बिट विंडोजवर प्रत्येक थ्रेडसाठी १ एमबी जागा राखली जाते. ३२ बिटवर ती ३२० केबी होती. डेटाबेसही त्याच मशीनवर असेल तर त्याचा वाटा आधी बाजूला काढा. मग जेमीटर या भार-चाचणीच्या साधनानं डिसेंबरच्या लॉगमधल्या सर्वांत गर्दीच्या तासाइतका भार टाकून पाहा. 'जीसी लॉग' चालू ठेवा (जीसी म्हणजे जावानं नको असलेली मेमरी मोकळी करणं, फुल जीसी म्हणजे पूर्ण हीपची सफाई). फुल जीसीनंतर हीप २.५ जीबीवर उतरत असेल तर ४ पुरते, ३.५ वर अडकत असेल तर ६ करा.

हे काम जून ते सप्टेंबरमध्येच उरकावं. हॉटेल रिकामं असतं, चूक निस्तरायला वेळ मिळतो. मात्र पावसात वीज सारखी जाते, तेव्हा यूपीएसची बॅटरी भार देऊन तपासल्याशिवाय डेटाबेसच्या फायली हलवू नका. ऑक्टोबर उजाडल्यावर हात घालायचा असेल तर सरळ पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा, तोवर रिपोर्ट रात्री काढा.

प्रश्न : नव्या सर्व्हरला ६४ जीबी रॅम आहे. हीप थेट ४० जीबी ठेवली तर चालेल ना? — पणजी

उत्तर : चालेल, पण ३१ जीबी ठेवलीत तर बहुधा जास्त मावेल. ६४ बिटवर प्रत्येक पत्ता ४ ऐवजी ८ बाइटचा होतो. जावा ही वाढ टाळण्यासाठी पत्ते दाबून ४ बाइटमध्ये ठेवते. ऑब्जेक्ट (जावातल्या डेटाचे तुकडे) ८ बाइटच्या घरांत बसतात, म्हणून ४ जीबी गुणिले ८, म्हणजे ३२ जीबीपर्यंत ही युक्ती जमते. त्यापुढे पत्ते पुन्हा ८ बाइटचे होतात, आणि ३३ ते ४० जीबीच्या टप्प्यात वाढवलेली बरीचशी जागा पत्तेच खातात. त्याहून बरा उपाय म्हणजे प्रत्येकी १६ जीबीची दोन टॉमकॅट. एक बंद करून दुरुस्त करताना दुसरं चालू राहतं.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचं एएसपी डॉट नेट ॲप्लिकेशन जुन्या ३२ बिट विंडोज सर्व्हर २००८ वरून विंडोज सर्व्हर २०१९ वर आणलं. व्याजाचा हिशेब व्हीबी ६ (जुनं व्हिज्युअल बेसिक) च्या डीएलएलमध्ये आहे, तिथे 'क्लास नॉट रजिस्टर्ड', ८००४०१५४ अशी चूक येते. जुनी खाती ॲक्सेसमध्ये आहेत. त्यासाठी ओडीबीसीमध्ये (डेटाबेस जोडण्याची विंडोजची सोय) डीएसएन, म्हणजे जोडणीची नोंद, बनवला, तो ॲप्लिकेशनला दिसत नाही. विक्रेता म्हणतो, सगळं नव्यानं लिहावं लागेल. — संचालक, फोंडा

उत्तर : सगळं लिहायची गरज नाही. एका प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्राममध्ये) ३२ आणि ६४ बिटचा कोड एकत्र राहत नाही, एवढा एकच नियम इथे आडवा आला आहे. व्हीबी ६ फक्त ३२ बिटचंच बनतं. आयआयएसचा (विंडोजच्या वेब सर्व्हरचा) नवा ॲप्लिकेशन पूल, म्हणजे ॲप्लिकेशन चालण्याची वेगळी जागा, ६४ बिटचा असतो, त्याला ती डीएलएल दिसत नाही.

आज काम सुरू करायचं असेल तर आयआयएस मॅनेजरमध्ये त्या पूलच्या 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' उघडा, 'एनेबल ३२-बिट ॲप्लिकेशन्स' ट्रू करा आणि पूल रिसायकल (पुन्हा सुरू) करा. ही खूण आयआयएस ७ पासून प्रत्येक पूलला वेगळी देता येते, त्यामुळे बाकीचे पूल ६४ बिटवरच राहतात. वर ६४ बिट विंडोजवर ३२ बिटच्या वर्कर प्रोसेसला २ ऐवजी ४ जीबीपर्यंत जागा मिळते. मध्यम आकाराच्या पतसंस्थेला ती पुष्कळ होते. आमचं स्पष्ट मत आहे की वर्षअखेरचे रिपोर्ट यात निघत असतील, तर या वर्षी पुढे जाऊच नका.

४ जीबीही अपुरी पडत असेल, तर डीएलएल वेगळ्या प्रोसेसमध्ये काढा. 'कॉम्पोनंट सर्व्हिसेस'मध्ये कॉम प्लसखाली (डीएलएल वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवण्याची विंडोजची सोय) नवं ॲप्लिकेशन बनवा, प्रकार 'सर्व्हर' निवडा आणि डीएलएल त्यात घाला. ती स्वतःच्या ३२ बिट प्रोसेसमध्ये चालते, पूल ६४ बिटचा करता येतो. इथे एक खिडकी नीट वाचा. ॲप्लिकेशन कोणाच्या खात्यावर चालावं हे विचारताना 'इंटरॅक्टिव्ह यूजर' आधीच निवडलेलं असतं. तसंच ठेवलं तर इंजिनिअर सर्व्हरवर लॉगिन असेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. तो लॉगऑफ करून घरी गेला की दुसऱ्या दिवशी काउंटर उघडताच व्याज निघत नाही. मोजकेच अधिकार असलेलं वेगळं खातं बनवून तिथे द्या. प्रोसेस ओलांडून जाणारी प्रत्येक हाक महाग पडते, म्हणून मुद्दल, दर, मुदत एकेक न पाठवता एकाच हाकेत पाठवा.

डीएसएन दिसत नाही, कारण ओडीबीसीच्या खिडक्या दोन आहेत आणि सिस्टम डीएसएनची यादी दोघींची वेगळी आहे. सिस्टम३२ फोल्डरमधली खिडकी ६४ बिटची, सिसवाऊ६४ मधली ३२ बिटची. नावं उलटी वाटली तरी असंच आहे. पूल ज्या बिटचा, त्या खिडकीत डीएसएन बनवा. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (डेटाबेसला जोडण्याच्या ओळीत) जेट ४.० हा ॲक्सेसचा जुना ड्रायव्हर असेल तर तो ६४ बिटमध्ये मिळतच नाही. त्याच्या जागी आलेल्या एस (एसीई) १२.० ची ६४ बिट आवृत्ती मिळते, पण मशीनवर ३२ बिटचं ऑफिस असेल तर तिचा इन्स्टॉलर अडून बसतो. ॲक्सेसची फाइल २ जीबीच्या वर जात नाही, तेव्हा ती खाती एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये हलवणं आम्हाला जास्त पसंत आहे. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तिथे एका डेटाबेसला १० जीबीची मुभा आहे.

पुढे कधी व्याजाचा कोड ६४ बिट डॉट नेटमध्ये लिहिलात, तर 'डबल' हा आकड्यांचा प्रकार वापरू नका. ३२ बिटमध्ये दशांशाचा हिशेब प्रोसेसरच्या ८० बिटच्या जागेत होऊ शकतो, ६४ बिटमध्ये तो ६४ बिटच्या जागेत होतो. शेवटचा अंक सरकतो आणि अर्ध्या पैशाचं राउंडिंग दुसऱ्या बाजूला पडतं. 'डेसिमल' घ्या, आणि दोन्ही सर्व्हरवर एकाच दिवसाचा डेटा चालवून खातेनिहाय व्याज व तेरीज पैशापर्यंत जुळवा. फक्त एकूण बेरीज जुळली म्हणून समाधान मानू नका, वाढ-घट एकमेकींत लपतात.

मार्चअखेर टाळाल हे सांगायला नको. पण चवथीची सुट्टीही टाळा. शाखा बंद असते म्हणून ती सोयीची वाटते, मात्र अडलं तर तुमची माणसं गावी आणि विक्रेत्याचीही गावी.

प्रश्न : उत्पादनाच्या नोंदी घेणाऱ्या आमच्या वेब ॲप्लिकेशनमागे सी प्लस प्लसचं मॉड्यूल आहे. ६४ बिटसाठी कंपाइल झालं, चाचणीत ठीक चाललं, प्रत्यक्ष कामात अधूनमधून कोसळतं. — वेर्णा औद्योगिक वसाहत

उत्तर : बहुधा कुठेतरी पॉइंटर (मेमरीचा पत्ता) 'इंट' या पूर्णांकाच्या प्रकारात ठेवला जातो. इंट ४ बाइटचाच राहिला, पॉइंटर ८ चा झाला. चाचणीत मेमरी कमी लागते आणि पत्ते ४ जीबीच्या खाली पडतात, तोवर वरचे ४ बाइट शून्यच असतात आणि काही बिघडत नाही. कामाच्या सर्व्हरवर पत्ता वर गेला की अर्धा कापला जातो.

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये सी ४३११ आणि सी ४३१२ या सूचनांना चूक मानायला सांगा. विंडोज रजिस्ट्रीत मेमरी मॅनेजमेंटखाली 'अलोकेशन प्रेफरन्स' हेक्समध्ये १००००० करून मशीन पुन्हा सुरू केलं की मेमरी वरच्या टोकाकडून वाटली जाते आणि दडलेली चूक चाचणीतच बाहेर येते. चाचणीच्याच सर्व्हरवर करा. विंडोजवर 'लाँग' हा पूर्णांक ४ बाइटचा राहतो, लिनक्सवर ८ चा होतो. स्ट्रक्चर (अनेक फील्डांचा गट) जसंच्या तसं फाइलमध्ये लिहीत असाल, तर पॉइंटर किंवा लाँग असलेल्या जुन्या नोंदी नवं मॉड्यूल चुकीच्या वाचू शकतं. तिथे आकार ठरलेले टाइप वापरून प्रत्येक फील्ड वेगळं लिहा.

प्रश्न : ६४ बिटवर आलो, हीप ८ जीबी दिली. आधी टॉमकॅट दर दोन दिवसांनी बंद पडायचं, आता दहा दिवसांनी पडतं. आणखी वाढवू का? — म्हापसा

उत्तर : नको. कुठेतरी मेमरी सुटत नाही. मोठ्या हीपनं फक्त तारीख पुढे ढकलली आहे. वर मोठी हीप भरली की फुल जीसीला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ सगळे वापरणारे खोळंबतात.

'हीप डंप ऑन आउट ऑफ मेमरी एरर' हा पर्याय चालू करा. डंपची (हीपच्या प्रतीची) फाइल हीपएवढी मोठी होऊ शकते, म्हणून त्या डिस्कवर किमान १० जीबी मोकळी ठेवा, नाहीतर ती अर्धवट राहते आणि उघडत नाही. इक्लिप्सच्या मेमरी ॲनालायझरमध्ये ती उघडून 'डॉमिनेटर ट्री' (कोणता ऑब्जेक्ट किती मेमरी धरून आहे याची यादी) पाहा. वरच्या दोनतीन ओळींतच निम्म्याहून जास्त हीप धरून बसलेला ऑब्जेक्ट बहुधा सापडतो. व्यावसायिक ॲप्लिकेशनमध्ये तो पुष्कळदा यूजरचा सेशन (लॉगिनपासून सर्व्हरवर ठेवलेली त्याची माहिती) असतो. रिपोर्टच्या हजारो ओळी पान उलटण्याच्या सोयीसाठी सेशनमध्ये ठेवलेल्या असतात, आणि लॉगआउट न करता खिडकी बंद केली तरी टॉमकॅट त्या ३० मिनिटं सांभाळतं. कोणी टाइमआउट वाढवून दिवसभराचा केला असेल तर त्या संध्याकाळपर्यंत राहतात. रिपोर्टच्या ओळी डेटाबेसमधूनच पन्नास-पन्नास करून आणा, टाइमआउट पुन्हा ३० करा. सेशन साफ निघाले तर कधीच न रिकामा होणारा स्टॅटिक मॅप (ॲप्लिकेशन चालू असेपर्यंत राहणारी यादी) शोधा. दुरुस्तीनंतर फुल जीसीनंतरचा आकडा रोज एकाच वेळी लिहून ठेवा. आठवडाभर तो एकाच पातळीवर राहिला, तर हीप ४ जीबीपर्यंत खाली आणायला हरकत नाही.