पॅनेलच्या वसाहतींचा अभ्यास करायला निघालेल्या तरुणास पत्र

प्रिय मित्रा,

समाजवादी राजवटीत बांधलेल्या मोठ्या वसाहतींवर प्रबंध करायचं ठरवलंस, याचा फार आनंद आहे. निघण्याआधी एक सवय लावून घे. इमारतीचा फोटो काढायच्या आधी ती कुणाच्या मालकीची आहे ते शोध. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे पॅनेल सगळीकडे साधारण सारखेच होते. १९९० नंतर त्यांचं जे काही झालं, त्याचं कारण बहुतेकदा मालकीच्या कागदात सापडतं.

रोमानिया, हंगेरी, लिथुआनियात सरकारने घरं राहणाऱ्यांनाच नाममात्र किमतीत किंवा सरकारनेच वाटलेली व्हाउचर घेऊन देऊन टाकली. रोमानियात आज नव्वद टक्क्यांहून अधिक कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात. पूर्व जर्मनीत मात्र बरीच घरं नगरपालिकांच्या कंपन्या आणि सहकारी संस्थांकडे राहिली, रहिवासी भाडेकरूच राहिले. म्हणून तिथे एक मालक अख्ख्या इमारतीचा निर्णय घेऊ शकतो. रोमानियात तुला एकाच भिंतीवर एका फ्लॅटपुरता, उष्णता रोखणाऱ्या थर्माकोलचा चौकोन दिसेल आणि शेजारी उघडं काँक्रीट. असं तुकड्या-तुकड्यांनी केलेलं काम फसतं. स्लॅब आणि आडव्या भिंती शेजारच्या थंड भागाशी जोडलेल्याच असतात, कडेने उष्णता निसटते, कोपऱ्यात दव धरतं आणि बुरशी येते. एस्टोनियात कर्ज इमारतीतल्या मालकांची संस्था घेते, एकटा रहिवासी नाही, आणि २००१ साली स्थापन झालेल्या क्रेडएक्स या सरकारी संस्थेमार्फत अनुदानं मिळत गेली. त्यामुळे तालिनच्या लास्नामाए वसाहतीत पूर्ण इमारतींचं काम एकदम होऊ शकतं.

दुरुस्ती नीट पाहायची तर कामांचा क्रम तपास, खरी गोम तिथे आहे. बाहेरची भिंत बहुधा तीन थरांची असते. आत भार पेलणारं काँक्रीट, मध्ये पातळ इन्सुलेशन, बाहेर काँक्रीटचं कवच, आणि त्यांना बांधून ठेवणारे पोलादी अँकर. सांध्यांतून पाणी शिरलं की अँकर गंजतात, म्हणून नवा थर चढवण्याआधी सांधे आणि अँकर तपासावे लागतात. मग खिडक्या. लोकांनी बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या घट्ट खिडक्या सर्वात आधी बसवल्या. जुन्या फटींतून खेळणारी हवा बंद झाली, स्वयंपाकाची आणि अंघोळीची वाफ घरातच राहिली. शेवटी हीटिंग. अनेक इमारतींत एकाच उभ्या पाइपावर ओळीने रेडिएटर जोडलेले असतात. बायपास, म्हणजे रेडिएटरला वळसा घालणारा पाइप, न टाकता नुसता थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह बसवला, तर एकाने बंद केल्यावर पुढच्यांची उष्णता तुटते. आणि भिंती गुंडाळूनही तळघरातलं हीटिंगचं उपकेंद्र जुन्याच मापाने उष्णता सोडत राहिलं, तर लोक हिवाळ्यात खिडक्या उघडून बसतात आणि बचत तिथूनच बाहेर जाते. कुठलं काम कोणत्या वर्षी झालं, हे लिहिल्याशिवाय कुठल्याही विजेच्या वा उष्णतेच्या बिलावर विश्वास ठेवू नकोस.

पाडकामाबद्दल घाईने मत बनवू नकोस. पूर्व जर्मनीत २००० च्या सुमारास सुमारे दहा लाख घरं रिकामी होती, म्हणून २००२ पासून सरकारी पैशाने पाडकाम सुरू झालं. बर्लिनच्या मार्त्सानमध्ये अकरा मजली इमारतींचे वरचे मजले क्रेनने उतरवून त्या तीन ते सहा मजल्यांच्या केल्या. मॉस्कोने २०१७ मध्ये पाच मजली जुन्या इमारती पाडून जागी उंच मनोरे बांधायचं ठरवलं. मुंबईतला पुनर्विकास पाहिलेल्या माणसाला मॉस्को लगेच कळतं, पण वाढीव मजल्यांना गिऱ्हाईक असेल तरच ते गणित जमतं. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगला तसं गिऱ्हाईक नव्हतं.

लाइपझिगच्या ग्र्यूनाऊ वसाहतीचा अभ्यास मात्र जरूर वाच. ही वसाहत १९७६ पासून उभी राहिली आणि १९७९ पासून ठरावीक वर्षांनी तिथल्या रहिवाशांना प्रश्न विचारले जात आहेत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे सुमारे ८५ हजार लोक होते, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ते जवळपास निम्मे झाले. अशा वसाहतींत तरुण कुटुंबं एकाच सुमारास राहायला आली. म्हणून आधी शाळा ओसंडल्या, मग रिकाम्या झाल्या, आणि पुढे ती पिढी एकदमच म्हातारी झाल्यावर लिफ्ट बिघडणं हा गंभीर प्रश्न ठरला. वृद्ध वाढले म्हणून वसाहत खालावली, असा निष्कर्ष काढणारे हेच विसरतात. स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाच्या पेत्र्झाल्का वसाहतीत लाखभर लोक राहतात. तिला कुणी एका शब्दात गरिबांची वस्ती म्हटलं, तर ते लिखाण बाजूला ठेव.

इमारतींमधली मोकळी जमीन वेगळ्या नकाशावर रंगव. तिची मालकी पालिकेकडे, जुन्या मालकांच्या वारसांकडे की बिल्डरकडे गेली, यावर पुढचा वाद ठरतो. पार्किंगचंही तसंच, आराखडे झाले तेव्हा इतक्या गाड्या गृहीतच नव्हत्या.

प्रत्यक्ष कामाला एकच जिना निवड. मुख्य दार, इंटरकॉम, टपालपेट्या, लिफ्ट, छत, तळघर, उष्णतेचं मीटर. प्रत्येक गोष्ट कधी बदलली, पैसे कुणी दिले, बैठकीत कोण विरोधात होतं आणि का, हे विचार. निवृत्तिवेतनावर जगणारी आजी कर्जाला नाही म्हणते तेव्हा तिच्या महिन्याच्या हप्त्याचा आकडाही लिहून घे. हे सगळं तारखांसह एका पानावर मांडून झाल्याशिवाय दुसऱ्या जिन्याकडे वळू नकोस.