मुदत कधीपासून मोजायची?

कोपरखैरण्याहून एका आईचं पत्र आहे. मुलगी 24 वर्षांची. पायांना सूज, लघवीला फेस. जवळच्या फिजिशियननी सात महिने सूज उतरायच्या गोळ्या दिल्या, लघवीची साधी तपासणी सांगितली नाही. दुसरीकडे नेल्यावर बायोप्सीत ल्युपस नेफ्रायटिस निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच किडनीवर उलटते तो आजार; वर्ग 4, म्हणजे गंभीर प्रकार. त्या विचारतात, ‘किडनी टिकेल की डायलिसिस लागेल हे अजून कोणी सांगत नाही. ते कळल्यावर केस करू का?’ असं थांबून बसलेले पुष्कळ जण माझ्याकडे येतात, बहुतेक उशिरा.

थांबू नका, ताई. डॉक्टर चुकले का, भरपाई किती, हे नंतर बघू. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. बायोप्सीला 19 महिने झाले, म्हणजे पाच महिने हातात आहेत असा तुमचा हिशोब. मी तेवढे धरणार नाही. सूज तर डोळ्यांना दिसत होती, मुदत आमच्याकडच्या शेवटच्या भेटीपासूनच, असं समोरचा वकील म्हणणार. त्याच्या हातात सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा व्ही. एन. श्रीखंडे विरुद्ध अनिता फर्नांडिस हा निकाल असेल. 1993 च्या ऑपरेशनमध्ये पोटात राहिलेला गॉज 2002 मध्ये सापडला, तक्रार 2004 मध्ये झाली. सापडल्यापासून दोन वर्षं मोजा, हे बाईंचं म्हणणं टिकलं नाही. इतकी वर्षं दुखत होतं, स्वतः नर्स होतात, तरी सर्जनला विचारलं का नाही, असा कोर्टाचा सूर होता. चूक खरोखर लपलेली असेल तरच ती कळल्यापासून, किंवा नीट चौकशी केली असती तर कळली असती तेव्हापासून मुदत.

विलंब माफीचा अर्ज करता येतो. पण ‘किडनी काय वळण घेते ते बघत होतो’ हे कारण मी तरी त्यात लिहिणार नाही.

आणि बघून कळणार तरी कधी? उपचाराच्या बाराव्या महिन्यात 24 तासांच्या लघवीतलं प्रोटीन साधारण 0.7 ग्रॅमच्या खाली आलं, तर किडनी पुढे बरीच वर्षं नीट राहण्याची शक्यता चांगली असते. तुमच्या मुलीचं 1.4 आलंय. म्हणून किडनी जाणारच असं मुळीच नाही, खाली न आलेल्यांतही अनेकांच्या किडन्या नीट चालतात. दिलासा द्यायला हा आकडा पक्का, नुकसान सिद्ध करायला कच्चा, आणि समोरच्यांचा तज्ज्ञ नेमकं हेच सांगेल.

माझी भिस्त बायोप्सीवर आहे. त्यात ॲक्टिव्हिटी इंडेक्स 24 पैकी असतो, तो औषधांनी निवळू शकणाऱ्या दाहाचा. क्रॉनिसिटी इंडेक्स 12 पैकी, तो व्रणांचा, जे सहसा भरून येत नाहीत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत क्रॉनिसिटी 5 दिसते. सात महिने वाया गेले म्हणून एवढे व्रण, असं आपण म्हणू. आजार आमच्याकडे येण्याआधीच जुना होता, असं ते म्हणतील. खरं काय, हे नेफ्रॉलॉजिस्टच्या लेखी मताशिवाय मी सांगणार नाही.

आता कागद. ‘ओपीडीच्या चिठ्ठ्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेल्या’ हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. अहो, लघवी तपासायला सांगितलंच नव्हतं हे त्या चिठ्ठ्यांशिवाय दाखवायचं कशावरून? केमिस्टची बिलं, यूपीआयच्या नोंदी, डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवलेले सुजलेल्या पायांचे फोटो, जे मिळेल ते तारखेनिशी काढा. ॲडमिट असतानाचे पेपर हॉस्पिटलकडे लेखी मागा. 72 तासांत द्यायचे असतात, आणि सांभाळायचं बंधन तीनच वर्षांचं आहे.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगातच होईल, कारण हद्द मागणीवर नाही, तुम्ही मोजलेल्या पैशांवर ठरते. ते 5 लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही. पुढच्या खर्चाची मागणी याच तक्रारीत घाला. डायलिसिस लागलंच तर दुसरी करू, हा विचार सोडा. 2009 मध्ये प्रशांत धनंका या रुग्णाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1 कोटी दिले, त्यात पुढच्या शुश्रूषेचा खर्च धरलेला होता.

तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायद्यात छापलंय. छापलंय खरं! तारखा पडतील तसे मुलीचे नवे रिपोर्टही येत जातील, ते आयोगाच्या परवानगीने जोडता येतात. या आठवड्यातच वकील गाठा. जाताना बायोप्सीचा मूळ रिपोर्ट न्या, आणि त्या फिजिशियनकडे शेवटचं कधी गेलात ती तारीख काढून ठेवा. पत्रात तेवढीच नाही.