हनोई आणि हा लाँग: किती दिवस, कोणत्या क्रमानं?

प्रश्न : ताई, नमस्कार. येत्या नोव्हेंबरात आमच्या लग्नाला 40 वर्षं होतील. मुलानं आम्हा दोघांना व्हिएतनामची तिकिटं काढून दिली आहेत. रविवारी रात्री हनोईत उतरायचं आणि गुरुवारी रात्री परत. इथल्या प्रवासी कंपनीनं 'हनोई दर्शन आणि लक्झरी बे क्रूझ', म्हणजे हा लाँगच्या खाडीतली बोटीची सहल, असा एकत्र कार्यक्रम सुचवलाय. सोमवारी पूर्ण शहर, मंगळवारी पहाटे निघून दिवसाची क्रूझ करून रात्री परत, आणि पुढचे दोन दिवस खरेदीला मोकळे. हिला बोटीवर रात्र काढायची हौस आहे. कंपनीचे लोक म्हणतात, रात्री अंधारात काय दिसणार, पैसे वाया जातील. हिचे गुडघे दुखतात आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्येसुद्धा हिला मळमळतं. काय करावं? (एक निवृत्त वाचक, मिरज)

उत्तर : वहिनींचं ऐका. रात्र बोटीवरच काढा आणि पैसे कमी करायचेच असतील तर दुसरीकडे करा.

मी पहिल्यांदा गेले ती 2017 मध्ये, एका ग्रुपबरोबर, तुम्हाला सुचवलाय जवळजवळ त्याच कार्यक्रमानं. तेव्हा हायफाँग ते हा लाँग हा द्रुतगती मार्ग झाला नव्हता. तो 2018 मध्ये सुरू झाला. जाता-येता चार-चार तास बसमध्ये गेले, बोटीवर जेमतेम चार तास मिळाले, त्यातला एक जेवणात गेला. भर दुपारी सगळ्या बोटी एकाच गुहेपाशी दाटल्या होत्या. मी 31 वर्षं शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर कार्स्ट भूरूपं, म्हणजे चुनखडी विरघळून उरलेले सुळके आणि गुहा, शेकडो वेळा काढली. ती डोळ्यांपुढं उभी होती आणि आमचा गाईड घड्याळ दाखवून सगळ्यांना बोटीत बोलावत होता. परतताना बसमध्ये मला रडू आलं होतं.

आता रस्ता चांगला आहे. सुमारे 165 किलोमीटर, अडीच तास. पण दिवसाच्या सहलीत तुम्ही पाच तास गाडीत आणि बाकीचा वेळ गर्दीत असता, हे आजही तसंच आहे. मुक्कामाची बोट साधारण दुपारी बारा-साडेबाराला निघते. जेवण होतं, एखादी गुहा किंवा बेट होतं, आणि चार-साडेचारनंतर दिवसाच्या बोटी धक्क्याकडे वळतात. मग ती खाडी तुमची. ऊन तिरपं होतं, जवळची बेटं काळपट हिरवी, त्यामागची निळी, त्याहून मागची राखाडी दिसायला लागतात. रात्री बोटी नेमून दिलेल्या जागी नांगर टाकतात. काही दिसत नाही असं अजिबात नाही. आसपासच्या बोटींचे दिवे पाण्यात हलत असतात, मागच्या बाजूला माकूळ धरायचा गळ टाकून कुणीतरी बसलेलं असतं, आणि खडकांच्या कडा चांदण्यात नीट ओळखू येतात. पण खरा क्षण पहाटेचा. साडेपाचला शाल गुंडाळून डेकवर या. त्या तासासाठी मी पुन्हा 2023 च्या नोव्हेंबरात गेले, नणंदेला घेऊन. तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली होती, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या त्या भागाचं उत्तर मी अनुभवानं देते आहे.

मळमळीची काळजी जवळजवळ सोडून द्या. मांडव्याच्या वाटेवर उघडा समुद्र लागतो, लाटा आडव्या येतात. इथं दीड हजारांवर चौरस किलोमीटरांत 1,969 बेटं आणि खडक आहेत आणि ते सगळे मिळून लाटा अडवतात. पाणी तळ्यासारखं असतं. गोळी जवळ ठेवा, पण ती लागलीच तर खाडीत नाही, हायवेवर लागेल.

गुडघ्यांचं मात्र आधी ठरवा. सुंग सोत नावाची मोठी गुहा बहुतेक कार्यक्रमांत असते. तिथं आधी चढण, मग आत चढउतार, मग उतरण, सगळं पायऱ्यांचं. तितोप बेटाच्या माथ्यावर जायला सुमारे 400 पायऱ्या आहेत. (हे नाव सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव यांचं. ते 1962 मध्ये तिथले तेव्हाचे अध्यक्ष हो ची मिन्ह यांच्याबरोबर इथं आले होते.) तितोपला वहिनींनी खाली वाळूवर बसावं, तुम्ही चढा, वरून दिसणारा देखावा दम लागण्याच्या मोलाचा आहे. सुंग सोतला नणंद आली नाही. ती डेकवर एकटी बसली आणि नंतर म्हणाली, सगळ्या सहलीतला हा तास सगळ्यांत शांत गेला. पायऱ्यांपेक्षाही जपायचं ते मोठ्या बोटीतून लहान होडीत उतरताना. दोन्ही हलत असतात. खलाशाचा हात धरायचा, संकोच करायचा नाही. केबिन ठरवताना जेवणघराच्या मजल्यावरची किंवा त्याच्या लगतची मागा, आणि अगदी मागच्या टोकाची, खालच्या मजल्यावरची नको म्हणा. इंजिन आणि जनरेटर तिथंच घरघरतात. 'लक्झरी' हा शब्द प्रत्येक बोटीवर लिहिलेला असतो. त्यापेक्षा खोल्या किती, बाल्कनी आहे का, लिफ्ट आहे का, हनोईहून न्यायची-आणायची सोय आणि प्रवेश तिकिटं धरून भाव आहे का, एवढं लेखी विचारा. पेयांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात.

आता क्रम. तुम्हाला दिलेल्या कार्यक्रमातली मोठी चूक सोमवार ही आहे. हो ची मिन्ह यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते. बाकीच्या दिवशीही ती फक्त सकाळीच उघडी असते. माझ्या पहिल्या सहलीत आम्हाला सोमवारीच तिथं नेलं होतं, बाहेरच्या मैदानावर फोटो काढून परत आणलं. म्हणून असं करा. सोमवार जुन्या शहराला द्या. सकाळी साहित्याचं मंदिर, व्हान मियू. ते 1070 मध्ये बांधलं आणि सहा वर्षांनी तिथंच देशातली पहिली राजविद्यापीठासारखी शाळा निघाली. अंगणात 82 दगडी कासवं आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर शिला आणि शिलेवर राजदरबारच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची नावं. पूर्वी मुलं परीक्षेआधी कासवाच्या डोक्यावरून हात फिरवायची, दगड झिजायला लागले म्हणून आता कठडा घातलाय. विद्यार्थ्यांची नावं इतक्या जपून ठेवणारं दुसरं ठिकाण मी पाहिलेलं नाही. मी तिथं दीड तास होते.

दुपारी झोपा. संध्याकाळी होआन किएम तळं, त्यातल्या लाल पुलावरून न्गोक सोन मंदिर, आणि तळ्याकाठीच पाण्यावरच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ. हा खेळ भातखाचरांत जन्मलेला आहे. बाहुल्या नाचवणारे पडद्यामागं कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात. भाषा कळत नाही, काही अडत नाही. मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास निघून बोट, बुधवारी दुपारी तीनच्या आसपास हनोईत परत. मोठ्या बॅगा हॉटेलवर ठेवून जा, बोटीवर एक लहान पिशवी पुरते. गुरुवारी सकाळी समाधी, मग पश्चिम तळ्याकाठी त्रान क्वोक पॅगोडा, आणि रात्री विमान. समाधीत खांदे-गुडघे झाकलेले लागतात आणि बोलायचं नसतं. शहर आधी आणि समुद्र नंतर, हे मुद्दाम सुचवते आहे. हनोईत पहिल्या दिवशी दुचाक्यांचा लोंढा अंगावर येतो. रस्ता ओलांडताना थांबायचं नाही, पळायचं नाही, एकाच संथ गतीनं चालायचं, त्या तुम्हाला वळसा घालतात. हे शिकण्यात एक दिवस जातो. त्यानंतर बोटीवरची शांतता जास्त कळते, आणि परत आल्यावर तेच शहर ओळखीचं वाटतं.

या दोन जागा एकमेकींपासून तोडू नयेत असं मला वाटतं, त्याचं कारण नावांत आहे. हनोईचं जुनं नाव थांग लाँग, म्हणजे वर झेपावणारा ड्रॅगन. 1010 मध्ये ली थाय तो या राजानं राजधानी इथं आणली, तेव्हा त्याला नदीतून ड्रॅगन वर जाताना दिसला अशी कथा आहे. हा लाँग म्हणजे खाली उतरणारा ड्रॅगन. शत्रू आला तेव्हा ड्रॅगन उतरले, त्यांनी तोंडातून रत्नं फेकली, त्यांची बेटं झाली.

आणि भूगोलाच्या बाईचं एक मागणं ऐका. आपल्या सह्याद्रीचा दगड अग्निजन्य, काळा बेसाल्ट. पाण्यानं तो सहज विरघळत नाही, म्हणून अजिंठा-वेरूळची लेणी माणसांना छिन्नीनं कोरावी लागली. हा लाँगचा दगड चुनखडीचा. पावसाच्या किंचित आम्ल पाण्यानं तो लाखो वर्षं विरघळत राहिला, नंतर समुद्र आत आला आणि उरलेली शिखरं बेटं झाली. गुहा तिथं पाण्यानं कोरल्या. बेटांच्या पायथ्याशी बघा, कमरेत आवळल्यासारखी खाच दिसेल. भरती-ओहोटीनं खाल्लेला भाग तो. कोकणात दिवसातून दोनदा भरती येते, इथं टोंकिनच्या आखातात बहुतेक दिवस एकदाच. संध्याकाळी एका खडकावर पाण्याची रेघ हेरून ठेवा आणि पहाटे तीच पुन्हा बघा. नणंदेला मी हे दाखवलं, तिनं फोटो काढून नातवाला पाठवला.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. बोटीवर आणि हनोईत उपासमार होईल का? (ठाणे)

उत्तर : होणार नाही, पण शब्द नेमका वापरा. तिकडं शाकाहाराला 'चाय' म्हणतात. 'तोई आन चाय', म्हणजे मी शाकाहारी. 'मांस नको' एवढंच सांगितलंत तर भाजीत माशाचं पाणी, नुओक माम, येईल. तो तिथला मीठमसाला आहे, त्यांना त्यात वावगं काही वाटत नाही. फो या नूडल्सच्या वाटीत तुकडे काढून टाकले तरी रस्सा हाडांचाच असतो. सासूबाईंसाठी आनंदाची गोष्ट अशी की बौद्ध मठांच्या परंपरेतल्या चाय जेवणात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला, तिथले कितीतरी लोक चाय पाळतात. त्या दिवशी अशी दुकानं जास्त सापडतात. बोटीला मात्र बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. खाडीच्या मध्यावर स्वयंपाकी काही आणायला जाऊ शकत नाही. अंड्याची कॉफी घेणार असाल तर ती खरोखर अंड्याची असते. 1946 मध्ये दुधाची टंचाई होती, तेव्हा हनोईतच निघाली.

प्रश्न : हो ची मिन्ह यांच्या समाधीवर शिवाजी महाराजांचं नाव कोरलेलं आहे असा मेसेज फिरतो. आपण पाहिलंत का? (सातारा)

उत्तर : 2023 मध्ये मी तिथं थांबून वाचलं. दर्शनी भागावर 'अध्यक्ष हो ची मिन्ह' या अर्थाची अक्षरं आहेत, महाराजांचं नाव नाही. महाराजांसाठी आपल्याला असा आधार लागत नाही, कृपया तो मेसेज पुढं पाठवू नका. आपल्या देशाची खरी खूण हवी असेल तर त्रान क्वोक पॅगोड्याच्या अंगणात जा. हो ची मिन्ह 1958 मध्ये भारतात येऊन गेले, दुसऱ्या वर्षी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद तिकडं गेले. त्या भेटीतला बोधिवृक्ष तिथं आहे. भरघोस वाढलाय. आम्ही दोघी त्याखाली बराच वेळ बसलो होतो.

प्रश्न : जुलैमध्ये क्रूझ निम्म्या भावात मिळते आहे. घ्यावी का? (पुणे)

उत्तर : नको. जून ते ऑक्टोबर हा तिकडं वादळांचा काळ. सप्टेंबर 2024 मध्ये यागी वादळानं त्या किनाऱ्याची वाताहत केली. जुलै 2025 मध्ये अचानक आलेल्या वादळी पावसात हा लाँगमध्ये एक पर्यटक बोट उलटली आणि तिसाहून अधिक माणसं गेली, त्यात मुलं होती. नोव्हेंबर उत्तम, एप्रिलही चांगला. फेब्रुवारी-मार्चमध्ये धुकं आणि भुरभुर असते, बेटं झाकली जातात. कोणत्याही महिन्यात गेलात तरी विमानाच्या आदल्या रात्री बोट ठेवू नका. बंदर खात्यानं बोटी थांबवल्या तर थांबावंच लागतं, आणि त्यावर कुणाशी वाद घालू नका. बोटीत पाय ठेवल्याबरोबर केबिनमधली लाइफ जॅकेटं शोधा आणि घरातल्या प्रत्येकाला एकदा अंगात घालून बघायला लावा.