नेता नसलेल्या गटाने पुण्यात स्वतःची जागा कशी उभी करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गटात अध्यक्ष नाही, निर्णय सगळे मिळून घेता, आणि आता बैठकांसाठी पुण्यात कायमची खोली हवी आहे. अशा गटांत मी बरीच वर्षं आहे, म्हणून भाड्याच्या आधी एक विचारते: बैठक नसेल त्या दिवशी तिथे काय चालणार?

नुसत्या बैठकांसाठी खोली घेऊ नका. नवी पेठेत एस. एम. जोशी फाउंडेशनचं सभागृह आहे, तेवढ्यावर भागतं. जागा टिकते ती लोकांच्या रोजच्या गरजेवर. जोतीरावांनी १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा तिथे माणसं पाण्यासाठी येणार होती. हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेचं 'कष्टाची भाकर' हे जेवणाचं केंद्र १९७४चं, ना नफा ना तोटा. पोटभर जेवायला तिथे कुणाला घोषणा पाठ असाव्या लागत नाहीत. इटलीत मिलानच्या लिओनकावालो रस्त्यावर १९७५ साली तरुणांनी ओस पडलेली इमारत ताब्यात घेतली, तीही वस्तीला पाळणाघर, ग्रंथालय हवं म्हणून. तुमच्या वस्तीत काय नाही ते आधी घरोघर विचारा.

आता किल्ली. हा विषय गट टाळतात आणि तिथेच फुटतात. ज्याच्याकडे खोलीची किल्ली, ज्याच्या खात्यावर वर्गणी, जो व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन, तो न निवडता अध्यक्ष होतो. आणि पदच नसल्यामुळे त्याला काढताही येत नाही. आम्ही किल्ल्या तिघांकडे ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी माणसं बदलतो. जमाखर्चाची वही दाराशेजारी खिळ्याला सुतळीने टांगलेली असते. चहापावडरसुद्धा तिच्यात लिहिली जाते आणि येणारा कुणीही ती उघडतो. झाडलोट आणि भांडी पाळीने, फळ्यावर नावं लिहून. नाहीतर ती कामं गुपचूप बायकांवर येतात, हे मी फार पाहिलंय.

लिव्ह अँड लायसन्सचा करार दोघा-तिघांच्या नावे करा आणि नोंदवून घ्या. संस्था नोंदवायची तर किमान सात जण लागतात आणि कागदावर पदाधिकारीही. त्याची घाई नको.

इतर गटांशी नातं सतरंज्या, माइक, मोठी पातेली एकमेकांना देण्याघेण्यातून जुळतं, संयुक्त पत्रकांतून कमी.

सध्या कुणाच्या तरी घरी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांचा अभ्यास घ्या, नाहीतर रेशन कार्डाचे अर्ज भरून द्या. सहा महिने वर्गणी न चुकता जमली, की डिपॉझिटचं बोला.