‘आई मामाकडे गेलीय’ असं सांगितलं, आता काय?

प्रश्न: पत्नीला बायपोलर आजार आहे, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल नैराश्य असा मनाचा आजार. गेल्या महिन्यात तिला पंधरा दिवस अॅडमिट करावं लागलं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चौदाचा. ‘आई मामाकडे सांगलीला गेलीय’ असं त्यांना सांगितलं. आता ती घरी आहे, पण मुलगी तिचा पदर सोडत नाही, शाळेत जायला रडते. खरं सांगावं का? मुलांनाही हा आजार होईल का?
– एक वडील, ऐरोली

उत्तर: दादा, सांगा. या आठवड्यातच सांगा.

मी ठाण्यात, कोपरीत अशाच घरात वाढले. आई रात्री दोनला माळ्यावरचे डबे काढून घासत बसायची, मग महिनाभर अंथरूण सोडायची नाही. ती पहिल्यांदा दवाखान्यात गेली त्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडून दूध उतू गेलं होतं. मला कोणी काही सांगितलं नाही, म्हणून त्या दुधामुळेच आई आजारी पडली असं मी मोठी होईपर्यंत धरून चालले. मोठ्यांनी रिकामी ठेवलेली जागा मूल स्वतःच्या चुकीनं भरतं.

त्यामुळे आजाराचं नाव घेऊन सांगा. पत्नी बरी असताना, तिला विचारून, शक्यतो दोघांनी मिळून. ‘आईला बायपोलर नावाचा आजार आहे. तो तुमच्यामुळे झालेला नाही. औषध आणि डॉक्टर आहेत.’ मुलीला एवढं पुरे. मुलाला जास्त लागेल. त्यानं शाळेत ‘ठाण्याला पाठवा’ हा विनोद ऐकलाच असेल. १९०१ सालचं मनोरुग्णालय आमच्या गावात, म्हणून तो महाराष्ट्रभर चालतो, आणि आजारी माणसाच्या मुलाला तो फार लागतो. ‘माझी आई आजारी होती, आता बरी आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडी तयार असू द्या.

आनुवंशिकतेचं म्हणाल, तर आई-वडिलांपैकी एकाला बायपोलर असताना शंभरातल्या साधारण पाच ते दहा मुलांना तो होतो. इतरांपेक्षा जास्त खरं, पण बहुतेकांना होत नाही. मुलाची झोप किंवा वागणं आठवडाभर फार बदललेलं दिसलं तर वाट बघू नका, दाखवा.

त्याला आईच्या गोळ्या मोजायला मात्र लावू नका. तो हळूहळू घरचा पहारेकरी होतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याचं खेळणं, मित्र, क्लास सुटता कामा नये. मुलांना हक्कानं जाता येईल असं एक घर ठरवा, मावशीचं किंवा शेजारच्या काकूंचं. आणि पत्नी बरी असतानाच तिच्या हातानं एक कागद लिहून घ्या: झोप तुटायला लागली की कोणाला फोन करायचा, मुलं रात्री कुठे झोपणार, डबा कोण देणार.

नॉर्वेत २०१० पासून कायदाच आहे: रुग्णाच्या घरी लहान मुलं असतील तर त्यांची दखल दवाखान्यानं घ्यायची. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नसेल तर तुम्हीच म्हणा, ‘घरी दोन मुलं आहेत, त्यांच्याशीही बोला.’ रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

मुलगी पदर सोडत नाही, कारण एकदा आई न सांगता गेली. सकाळी दप्तर अडकवताना आईनंच तिला म्हणू दे, ‘पुन्हा कधी दवाखान्यात जावं लागलं, तर बाबा तुला त्याच दिवशी खरं सांगतील.’ आणि दादा, तो शब्द तुम्ही पाळायचा.